एका जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचा जमाखर्च



घरात येणारी वस्तू किती रुपयांना आली, एवढे पाहून या सदराचे काम संपत नाही. ती आल्यामुळे कोणता खर्च थांबला, कोणता नवा सुरू झाला, आणि कोणत्याच वहीत ज्याची नोंद होत नाही असे काय घडले, हेही आपण येथे पाहत असतो. या वेळी अशी एक वस्तू घेतली आहे जी आज बाजारात नव्याने मिळत नाही, परंतु आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात अजून पडून आहे. कॅनन कंपनीचा ईओएस ३००-डी हा कॅमेरा. रुपेरी रंगाची, प्लास्टिकची, हातात घेतल्यावर किंचित पोकळ वाटणारी पेटी. दिवाळीच्या आवराआवरीत ती हाती लागते आणि ठेवावी की काढून टाकावी, असा प्रश्न दरवर्षी पुढे ढकलला जातो. तिच्या गुणदोषांचा नीट हिशेब मांडल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

आधी थोडा पूर्वेतिहास. डिजिटल छायाचित्रणाचा पहिला प्रयोग १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतच झाला. स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने बनवलेल्या त्या यंत्राला दहा हजार ठिपक्यांचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद लागत. कोडॅकचा धंदा फिल्म विकण्याचा. त्यामुळे स्वतःच्याच घरात जन्मलेल्या या बाळाचे तिने पुरेसे कौतुक केले नाही, आणि २०१२ च्या जानेवारीत त्याच कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागावे लागले. चालू धंद्यातील नफ्याच्या मोहाने उद्याचा धंदा न ओळखणे, हा प्रकार व्यापारी वाचकांना समजावून सांगायला नको. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या एफ-३ या कॅमेऱ्याला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर जोडून डिजिटल एसएलआर विक्रीस आणला. चित्रे साठवण्याची २०० मेगाबाइटची तबकडी वेगळ्या पेटीत खांद्याला अडकवून न्यावी लागे. किंमत २०,००० डॉलरच्या घरात. हजार नगही खपले नाहीत. १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला तेव्हा २.७ मेगापिक्सेलसाठी साडेपाच हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागत. वृत्तपत्रांनी तो घेतला, कारण त्यांना वेळेची किंमत होती. घरगुती ग्राहकाने दुकानाच्या काचेतूनच पाहिला.

मग २००३ च्या ऑगस्टमध्ये ३००-डी जाहीर झाला. ६.३ मेगापिक्सेल, अमेरिकेतील किंमत ८९९ डॉलर, आणि १८ ते ५५ मिलिमीटरच्या भिंगासह ९९९ डॉलर. हजार डॉलरच्या आत आलेला हा पहिलाच डिजिटल एसएलआर. दुकानातील मालाची किंमत ९९९ का ठेवतात, हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु या वेळी त्या एका डॉलरच्या अलीकडे-पलीकडे खरोखरच एक नवी बाजारपेठ उभी राहिली.

एसएलआर म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो. या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगामागे तिरका आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश त्या आरशावरून वर जातो आणि डोळ्यापाशी पोहोचतो, त्यामुळे भिंगाला जे दिसते तेच आपल्याला दिसते. कळ दाबली की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तो ओळखीचा ‘खटक’ आवाज आरशाचा आणि पडद्याचा. ३००-डी मध्ये वरच्या बाजूला भरीव काचेच्या लोलकाऐवजी आरसे जोडून काम भागवले होते. त्यामुळे वजन आणि किंमत कमी झाली, पण आतले चित्र थोडे अंधुक आणि लहान दिसू लागले. मागील पडदा जेमतेम १.८ इंचांचा. त्यावर चित्र काढून झाल्यावर दिसे. आजच्या फोनप्रमाणे आधी दिसत नसे. चित्रफीत घेण्याची सोय नव्हतीच.

आता पैशांचा हिशेब. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी शिकवला जाणारा स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील भेद इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी वस्तू मला ठाऊक नाही. फिल्मच्या कॅमेऱ्यात भांडवल थोडे, पण प्रत्येक चित्रामागे रोल, धुलाई आणि छपाई यांचा खर्च. डिजिटलमध्ये भांडवल मोठे, आणि त्यापुढे एकेका चित्राचा खर्च जवळजवळ शून्य. त्या काळी डॉलरमागे सुमारे ४६ रुपये पडत. म्हणजे आयातशुल्क, मेमरी कार्ड, संगणक हे सारे बाजूला ठेवले तरी भिंगासह कॅमेऱ्याचे ४६,००० रुपये होतात. फिल्मच्या एका चित्राला सर्व मिळून आठ रुपये पडतात असे उदाहरणापुरते धरू. मग हा कॅमेरा आपली किंमत वसूल करणार ५,७५० चित्रांनंतर, म्हणजे ३६ चित्रांच्या १६० रोलनंतर. जे कुटुंब वर्षाला दहा रोल काढते, त्याला त्यासाठी १६ वर्षे लागतील. जो छायाचित्रकार एका लग्नात दहा रोल संपवतो, त्याची वसुली १६ लग्नांत, म्हणजे एका हंगामात होते. धंदेवाईकांनी हा बदल झपाट्याने का स्वीकारला आणि हौशी गृहस्थाला तो चैनीचा का वाटला, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. यात शेअर दलालाचे शहाणपण नाही. साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे.

पण घरगुती ग्राहकानेही तो घेतला, आणि त्याने मूर्खपणा केला असे मी म्हणणार नाही. शून्य खर्चाचा परिणाम फक्त खिशावर होत नाही, माणसाच्या शिकण्यावरही होतो. फिल्मवर काढलेले चित्र चुकले की काय चुकले हे आठ दिवसांनी समजे, आणि तोवर पडद्याचा वेग किती ठेवला होता ते विसरलेले असे. डिजिटल चित्रासोबत वेग, छिद्र, आयएसओ, तारीख, वेळ ही सगळी माहिती आपोआप नोंदली जाते. प्रत्येक चित्राला स्वतःचे व्हाउचर जोडलेले! ज्यांना हिशेबाची सवय आहे त्यांना ही सोय मनापासून आवडली नसती तरच नवल.

चित्राच्या दर्जाविषयी लिहिताना प्रथम एक मान्य केले पाहिजे. सहा मेगापिक्सेल हा आकडा आज लहान वाटतो, तेवढा तो लहान नाही. चित्रात आडवे ३,०७२ आणि उभे २,०४८ ठिपके असतात. छपाईचा चांगला मानदंड म्हणजे इंचाला ३०० ठिपके. त्या हिशेबाने दहा इंच बाय पावणेसात इंचांची छपाई निर्दोष निघते, आणि हाताच्या अंतरावरून पाहायची असेल तर त्याहून मोठीही खपून जाते. आपल्या आल्बममधील चित्रे सहा इंच बाय चार इंचांची. तेव्हा घरासाठी हा कॅमेरा २००३ मध्ये पुरेसा होता आणि आजही आहे. मेगापिक्सेलच्या आकड्यावर माल विकणे पुढे फार वाढले. ग्राहकाने आधी आपली भिंत किती मोठी आहे ते पाहावे, हे माझे मत मी येथेच नोंदवून ठेवतो.

खरी ताकद मात्र ठिपक्यांच्या संख्येत नव्हती. सेन्सरच्या आकारात होती. ३००-डी चा सेन्सर २२.७ बाय १५.१ मिलिमीटरचा. फिल्मची चौकट ३६ बाय २४ ची, म्हणजे सेन्सरचे क्षेत्रफळ तिच्या चाळीस टक्के; परंतु त्या वेळच्या खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांतील नखाएवढ्या सेन्सरच्या तुलनेत ते कितीतरी मोठे. प्रत्येक ठिपक्याला अधिक प्रकाश मिळे, आणि म्हणून आयएसओ ४०० पर्यंत चित्र स्वच्छ येई, १६०० वर दाणेदार पण उपयोगी. याचा अर्थ मंद उजेडातही फ्लॅशशिवाय काम भागे. आपल्या समाजात या गोष्टीला वेगळे मोल आहे. तेजस्कायाच्या विराधनेचा विचार करून अनेक साधू-साध्वींच्या सान्निध्यात विजेची साधने वापरली जात नाहीत. तेथे फ्लॅशचा लखलखाट मुळीच शोभत नाही. जेथे छायाचित्रणाला मुळातच मनाई आहे तेथे प्रश्न उद्भवत नाही, आणि तो उद्भवूही नये. परंतु जेथे परवानगी आहे, तेथे खिडकीच्या उजेडात, कोणाच्याही डोळ्यांवर प्रकाश न मारता चित्र घेता येणे ही मर्यादेची गोष्ट आहे.

आणि नेमक्या अशाच प्रसंगी या कॅमेऱ्याची मोठी उणीवही उघडी पडे. पांढरा रंग! श्वेतांबर साध्वींची वस्त्रे, पूजेचे सोवळे, राणकपूरचा संगमरवर, महामस्तकाभिषेकात बाहुबलींच्या मस्तकावरून ओघळणारे दूध: आपले निम्मे विषय पांढरे. फिल्मवर प्रकाश जास्त पडला तरी ती हळूहळू, तक्रार करीत करीत पांढरी होत जाते. वस्त्राची घडी कोठेतरी शिल्लक राहते. डिजिटल सेन्सरचा ठिपका म्हणजे पाण्याची बादली. भरेपर्यंत थेंबन् थेंब मोजते, आणि भरल्यावर वरचे सारे वाहून जाते. हिशेबात काही उरत नाही. उन्हात घेतलेल्या चित्रात वस्त्राच्या जागी नुसता कोरा कागद दिसतो. यावर उपाय दोन होते. एक, मुद्दाम थोडे काळोखे चित्र घ्यावे आणि नंतर उजळावे. दुसरा, ‘रॉ’ प्रकारात चित्र साठवावे. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. या कॅमेऱ्याच्या रॉ चित्रात ४,०९६. म्हणजे जेपेग हा ताळेबंद, आणि रॉ हा संपूर्ण रोजमेळ. ताळेबंदात लपलेली चूक शोधायची तर रोजमेळ उघडावाच लागतो.

दुसरी उणीव पिवळ्या दिव्यांची. लग्नाच्या मांडवातील जुन्या बल्बच्या प्रकाशात या कॅमेऱ्याचे स्वयंचलित रंगसंतुलन कमी पडे आणि सारी वऱ्हाडी मंडळी केशरी दिसत. तिसरी, वेगाची. कळ फिरवल्यापासून कॅमेरा जागा व्हायला सुमारे तीन सेकंद लागत. मूल हसून मोकळे होई. सलग चित्रे घ्यावीत तर सेकंदाला अडीच, आणि तीही फक्त चार. मग आतील स्मृती भरल्यामुळे कॅमेरा थांबून राही. भिंग बदलताना शिरलेली धूळ सेन्सरवर बसली की प्रत्येक चित्राच्या आकाशात त्याच जागी काळा ठिपका येई. फिल्मची चौकट दर वेळी नवी असते. सेन्सर एकच, जन्मभराचा. धूळ झटकणारी यंत्रणा कॅननच्या या मालिकेत २००६ च्या ४००-डी पासून आली.

ज्यांच्याकडे फिल्मच्या काळातील भिंगे होती त्यांना एक गमतीदार अनुभव आला. १९८७ पासूनची कॅननची ईएफ भिंगे या पेटीवर बसत, हा मोठा दिलासा. जुने भांडवल वाया गेले नाही. पण लहान सेन्सरमुळे चित्राचा मधला भागच हाती लागे. ५० मिलिमीटरचे भिंग ८० सारखे वागे, २८ चे ४५ सारखे. दूरचा पक्षी जवळ आला, आणि दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलेले एकत्र कुटुंब मात्र चौकटीत मावेना. म्हणूनच कंपनीने १८ मिलिमीटरपासून सुरू होणारे नवे भिंग सोबत दिले. ते हलके आणि स्वस्त होते, कडांना जरा मऊ चित्र देणारे. आणि जुन्या फिल्म कॅमेऱ्यांवर बसत नसे.

या कॅमेऱ्याविषयीची एक हकिकत व्यापाऱ्यांनी अवश्य ऐकावी. त्याच वर्षी कॅननने १०-डी नावाचा बराच महाग कॅमेरा आणला होता. धातूचे अंग, वेग अधिक, पण आतला सेन्सर दोन्हींत सारख्याच क्षमतेचा. ३००-डी मधून कंपनीने काही सोयी काढून टाकल्या होत्या. फ्लॅशची तीव्रता कमीजास्त करणे, आरसा आधी उचलून ठेवणे, आयएसओ ३,२०० वगैरे. थोड्याच दिवसांत हौशी प्रोग्रॅमरांनी आतील सॉफ्टवेअर उकलून पाहिले, तेव्हा यांतील कित्येक सोयी तेथे मुळातच होत्या, केवळ कुलूपबंद करून ठेवलेल्या, असे आढळले. त्यांनी कुलूप काढलेले सॉफ्टवेअर वाटायला सुरुवात केली. एकच माल दोन पुड्यांत भरून दोन भावांना विकणे हे अप्रामाणिक आहे का? माझ्या मते नाही, कारण कंपनीने जे दिले तेच सांगितले होते, आणि ज्याने जे घेतले त्याची किंमत तेवढीच मोजली. स्वस्त पुडी निघाली नसती तर सामान्य ग्राहकाला काहीच मिळाले नसते. परंतु ज्या दिवशी ग्राहकाला कुलूप दिसते, त्या दिवशी त्याच्या मनातला भाव बदलतो, हेही खरे. पुढच्याच जानेवारीत निकॉनने डी-७० जाहीर केला. त्यात हात फारसा आखडला नव्हता. कॅननने २००५ च्या फेब्रुवारीत ८ मेगापिक्सेलचा, क्षणात जागा होणारा ३५०-डी आणून उत्तर दिले, आणि दीड वर्षापूर्वी घेतलेल्या ३००-डी चा भाव कोसळला. इतका घसारा कोणत्याही तक्त्यात बसत नाही. भिंगांची किंमत मात्र त्या मानाने टिकली.

येथवरचा हिशेब कोणत्याही छायाचित्रण-मासिकात मिळेल. आता जी नोंद तेथे मिळणार नाही ती करतो.

फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवरील चांदीच्या क्षारांचा थर, असे आपण शाळेत शिकलो. ते क्षार पट्टीवर समान पसरून, न ओघळता, चिकटून कशामुळे राहतात? जिलेटिनमुळे. आणि हे जिलेटिन गुरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. औषधाच्या कॅप्सूलविषयी आपण विचारणा करतो, जेलीच्या पुडीवर हिरवा ठिपका शोधतो. पण फिल्मच्या रोलवर कधी कोणता ठिपका नव्हता, आणि आपल्या पर्युषणाच्या मिरवणुकांची, पंचकल्याणक महोत्सवांची, दीक्षासमारंभांची सारी छायाचित्रे त्याच थरावर उमटली.

हा थर केवळ गोंदाचे काम करीत नव्हता. कोडॅकच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२० च्या दशकात शोधून काढले की, काही जिलेटिनपासून बनलेली फिल्म प्रकाशाला अधिक संवेदनशील असते, आणि त्याचे कारण त्यात सूक्ष्म प्रमाणात असलेली गंधकयुक्त द्रव्ये, म्हणजे मोहरीच्या तेलात असतात तशी. ती कोठून येत? ज्या जनावरांचे ते जिलेटिन, त्यांनी मोहरीवर्गातील वनस्पती खाल्लेल्या असत. गायीने रानात काय चरले यावर आपल्या चित्राची गुणवत्ता अवलंबून होती! १९३० पासून कोडॅकचा स्वतःचा जिलेटिनचा कारखाना अमेरिकेतील पीबडी या गावी होता. एवढी मोठी कंपनी हे द्रव्य दुसऱ्याच्या हाती ठेवायला तयार नव्हती, यावरून त्याचे महत्त्व समजावे.

त्याआधीचा काळ याहून सोपा नव्हता. १८५० पासून पुढची काही दशके छायाचित्रे ज्या कागदावर छापली जात, त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप असे. राजा दीनदयाळ यांचे नाव येथे आठवल्याशिवाय राहत नाही. १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला; निजामाच्या दरबाराचे ते छायाचित्रकार झाले; मुंबईतही त्यांचा स्टुडिओ होता. एकोणिसाव्या शतकातील भारत आपण ज्यांच्या डोळ्यांनी पाहतो, त्यांतील ते अग्रणी. त्यांची कित्येक चित्रे अशाच बलकाच्या कागदावर छापलेली आहेत. यात त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. कलेला त्या काळी दुसरे माध्यम नव्हते, आणि शास्त्रकारांनी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे भेद केले ते गृहस्थाची हीच अडचण ओळखून. पर्याय नसताना जे घडते आणि पर्याय असताना जे चालू ठेवले जाते, यांत अंतर आहे.

सिलिकॉनच्या सेन्सरने तो पर्याय प्रथमच दिला. चित्र टिपण्याच्या क्रियेत कोणत्याही प्राण्याच्या शरीराचा अंश लागत नाही, अशी स्थिती सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आली ती डिजिटल कॅमेऱ्यांमुळे. कंपनीने याची जाहिरात केली नाही, कारण तिच्या ग्राहकांना तो मुद्दा नव्हता. आपल्या वहीत मात्र जमेच्या बाजूला ही पहिली नोंद असायला हवी.

पण हिशेब अर्धवट ठेवून चालणार नाही. डिजिटल चित्र लॅबमध्ये नेऊन रासायनिक कागदावर छापले, तर त्या कागदाच्या थरात पुन्हा जिलेटिन आहेच. घरच्या शाईच्या प्रिंटरसाठी मिळणाऱ्या चकचकीत कागदांपैकी काहींनाही जिलेटिनचा लेप असतो. खनिजाचा सच्छिद्र थर दिलेले कागदही मिळतात. ज्यांना हा विवेक पाळायचा आहे त्यांनी कागदाच्या निर्मात्याकडे लेखी विचारणा करावी. दुकानदाराला हे बहुधा ठाऊक नसते. जाता जाता आणखी एक. भिंग पुसण्यासाठी पूर्वी जो मऊ पिवळसर तुकडा मिळे, तो पुष्कळदा मेंढीच्या कातड्याचा असे. आता कृत्रिम धाग्याचे कापड सर्वत्र मिळते; जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीतला तुकडा काढून टाकायला हरकत नाही. आणि बॅटरी, विद्युत कचरा हा नवा भार डिजिटलने आणला, तो नावे बाजूला लिहावाच लागेल.

नावे बाजूची सर्वांत मोठी रक्कम मात्र वेगळीच आहे. आपापल्या घरातील आल्बम काढून पाहा. पुष्कळ घरांत तो २००३-०४ च्या सुमारास थांबतो. त्यानंतर चित्रे दहापट निघाली, पण ती आहेत कोठे? काही सीडीवर, काही बंद पडलेल्या संगणकात, काही कोणाच्या तरी जुन्या मेमरी कार्डात. राजा दीनदयाळ यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. काच उजेडासमोर धरली की सव्वाशे वर्षांपूर्वीचा चेहरा दिसतो, मध्ये कोणतेही यंत्र लागत नाही. आपल्या घरातील २००५ सालच्या मुंजीचे वा लग्नाचे चित्र पाहायला आधी तबकडी चालली पाहिजे, ती वाचणारे यंत्र मिळाले पाहिजे, आणि फाइल उघडणारे सॉफ्टवेअर हवे. घरी लिहिलेल्या सीडीतील रंगद्रव्य काळाने फिके पडते. आज जे वडीलधारे आपल्यात नाहीत, त्यांची शेवटच्या वर्षांतील चित्रे नेमकी याच कालखंडातील आहेत. कॅमेरा ठेवावा की टाकावा याआधी ती चित्रे कोठे आहेत हा प्रश्न सोडवायला हवा, आणि तो या महिन्यात सोडवावा. पुढच्या दिवाळीची वाट पाहू नये.

पद्धत आपल्याला नवीन नाही. वह्यांच्या काळात महत्त्वाची नक्कल पेढीच्या बाहेर, भावाच्या घरी ठेवण्याची रीत होती. तीच येथे लागू करावी: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या घरी. ३००-डी ची रॉ चित्रे ‘सीआरडब्ल्यू’ नावाच्या प्रकारात असतात. ती आजच्या कित्येक सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, पण पुढेही उघडतील याची हमी कोणी देत नाही. मूळ राखून त्यांची जेपेग किंवा टिफ प्रत आत्ताच करून ठेवावी. चोपडापूजनाच्या दिवशी नव्या वहीसोबत वर्षभरातील शंभर चित्रे निवडून छापण्याची प्रथा एखाद्या घराने सुरू केली तर मला आनंद होईल. शंभरच का? परिग्रहाला परिमाण हवे म्हणून. छत्तीसचा रोल आपोआप मर्यादा घालीत असे. आता ती आपण घालायची आहे.

राहता राहिली ती कपाटातील पेटी. मोडीत विकली तर हाती फारसे काही येणार नाही. तिच्याकडून एक काम मात्र उत्तम होईल. कागदी जैन पोथीचे पान साधारणतः दहा इंच लांब आणि साडेचार इंच रुंद असते. ३,०७२ ठिपके दहा इंचांवर पसरले तर इंचाला तीनशेपेक्षा किंचित जास्तच पडतात. म्हणजे पोथीच्या पानाची सुवाच्य प्रत घ्यायला जेवढे हवेत तेवढेच. दोन फूट लांबीच्या ताडपत्राला मात्र हा कॅमेरा अपुरा. तेथे इंचाला १२८ च ठिपके येतील, बारीक कानडी अक्षरे नीट उमटणार नाहीत, आणि ताडपत्राला हात लावण्याचे काम जाणकारांकडेच सोपवावे. पण आजोबांनी स्वहस्ते लिहिलेली स्तवनांची वही, मोडीतील जुनी खतावणी, पेढीचा पहिला रोजमेळ, हे कागद अनेक घरांत आहेत. वाळवी त्यांच्या आणि आपल्या सवडीची वाट पाहत नाही.

हे काम घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे वा मुलीकडे द्यावे. कॅमेरा तिवईवर उलटा, भिंग खाली करून घट्ट बसवावा. ५० मिलिमीटरचे साधे भिंग असेल तर उत्तम; सोबतच्या भिंगापेक्षा त्याचे चित्र कडेपर्यंत रेखीव येते. उत्तरेच्या खिडकीचा उजेड घ्यावा, दिवे बंद ठेवावेत, फ्लॅश मुळीच नको. आयएसओ १००, छिद्र आठ, रॉ प्रकार, आणि कळ हाताने न दाबता दहा सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे कॅमेरा हलणार नाही. प्रत्येक पानाशेजारी मोजपट्टी आणि एक पांढरा कागद ठेवावा; पुढे रंग आणि आकार ताडून पाहता येतात. जुनी बॅटरी बहुधा मेलेली असेल. तिच्या पेटीवर बीपी-५११ असा क्रमांक असतो. त्या जातीची बॅटरी इतर निर्मात्यांचीही मिळते. कार्ड कॉम्पॅक्टफ्लॅश जातीचे, जाड आणि चौकोनी. ते वाचणारे यंत्र अजूनही विकत मिळते, तेव्हा कॅमेऱ्यासोबत एक घेऊन ठेवावे.